घरात माणसं किती

आणि वर मलाच म्हणतात, "सर, तुम्ही त्या मुलीच्या परीक्षेचा घोळ केलात." मी? मी काय केलं? मला विचारलं, मी सांगितलं. विचारल्यावर काय भिंतीकडे तोंड करून बसायचं? चौतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलंय हो, कोणी प्रश्न विचारला की माझ्या तोंडून उत्तर आपोआप पडतं, गळक्या नळासारखं. बरोबर पडतं असं नाही म्हणत मी. बरोबर होतं की नाही याचा विचार मी नंतर करतो... साधारण आठवडाभर.

पण थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल म्हातारा भरकटला.

आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी आले एका सकाळी. आत नाही आले, दारातच उभे. "सर, अग्निशमन दलाच्या नव्या भरतीची परीक्षा आहे. घरात धूर सोडतात, त्यात शिरायचं, माणूस शोधायचा, बाहेर काढायचा. त्यांना राहतं घर हवंय, आणि कोणी देत नाही हो." देईल कोण? पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "माझ्या पडद्यांना वास लागला तर धुवायला तुम्ही येणार का?" समोरच्यांकडे नुकता रंग झालेला. वरच्यांकडे तान्हं बाळ. मग सेक्रेटरी माझ्याकडे असे बघायला लागले, भरलेल्या बसमध्ये रिकाम्या सीटकडे बघतात ना, तसे. "तुमचं काय, सर? तुम्ही एकटेच." एकटेच म्हणजे काय, माझ्या पडद्यांना कोणी वाली नाही असंच ना? बरं. मला विचारलं, मी सांगितलं. म्हटलं, येऊ द्या.

खरं सांगू? पडदे गेले खड्ड्यात, मला त्या सगळ्या बोलण्यातलं एवढंच ऐकू आलं होतं की आपल्या घरी कोणीतरी येणार. आणि नुसतं येणार नाही... शोधायला येणार.

तर आले. लाल गाडी खाली, पाच-सहा जण गणवेशातले, आणि त्यांचे शिकवणारे साहेब, मिशी अशी की तिला वेगळी हजेरी लावावी. आल्याआल्या कळलं की त्यांचा पुतळा फाटलाय. शोधून बाहेर काढायचा तो पुतळा हो, सत्तर किलोचा, त्याचा खांदाच उसवलेला. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आजोबा, वजन किती तुमचं?" मला विचारलं, मी सांगितलं. बावन्न. साहेबांची मिशी खुलली. "मग तुम्हीच पडता का आतल्या खोलीत? बेशुद्ध राहायचं फक्त. काही म्हणजे काही करायचं नाही." आता निवृत्त झाल्यापासून हे काम मी बऱ्यापैकी सांभाळतोय, पण परीक्षा ती परीक्षाच. म्हटलं, साहेब, माझ्या हातून बेशुद्धी नीट नाही झाली तर? डोळे किती मिटू? श्वास घेतलेला चालेल? साहेब म्हणाले, "घेतलेला बरा."

आणि एक सांगितलं त्यांनी, "घरातलं काही हलवायचं नाही. आहे तसं राहू दे." नाही हलवलं. मी तसंही चार वर्षांत काही हलवलेलं नाही.

मग जमिनीवर पडलो, पलंगाच्या पलीकडे. दार लावलं, धूर सोडला. नाटकात सोडतात तसला, निरुपद्रवी, पण घर दिसेनासं झालं. आणि तुम्हाला सांगतो, स्वतःच्या घरात असं पडून कोणाची तरी वाट बघायची... काय सांगू. तरुणपणी स्टेशनवर वाट बघितली असेल तेवढीच.

दार उघडलं. मुलीचा आवाज, मास्कमधून घुमल्यासारखा. "आत कोणी आहे का?" आणि मग गप्प. त्यांची पद्धत असते ती, हाक मारायची आणि हलायचं नाही, ऐकायचं, कोणी कण्हतंय का, खोकतंय का, श्वास तरी. उजवा हात भिंतीला, गुडघ्यांवर रांगत पुढे, पुन्हा हाक, पुन्हा गप्प. आता मला सांगा, तुम्ही आयुष्यात किती वेळा असं अनुभवलंय, की कोणी तुम्हाला हाक मारली आणि मग खरोखर ऐकत थांबलं? आमची मुलगी फोन करते दर रविवारी, गुणी आहे, पण "बाबा, कसे आहात, बरं, औषधं घेताय ना, बरं" यात मी कुठे शिरू? इथे ही परकी पोर माझा श्वास ऐकायला थांबली होती. मी जरा मोठ्यांदा घेतला. फसवणूक झाली का ही? हा विचार अजून चालू आहे.

हात लागला तिचा. "आजोबा, ऐकू येतंय का?"

"हो, येतंय."

ती थबकली. मग हळूच, "आजोबा, तुम्ही बेशुद्ध आहात ना?"

"हो हो, बेशुद्धच आहे."

काय करू? मला विचारलं, मी सांगितलं. पण पोर शहाणी, पुढे एक शब्द नाही, काखेत हात घालून बसतं केलं, वाकली, आणि उचललं की हो मला खांद्यावर. चार वर्षांत मला हात लावला तो डॉक्टरनं आणि न्हाव्यानं, दोघंही घाईत. आणि इथे कोणीतरी घट्ट धरून एकेक पायरी मोजत खाली नेतंय, "सहा, सात, सांभाळा हं, आठ", आणि मला वाटतंय, आपण आणखी एक मजला वर का नाही घर घेतलं?

खाली उतरवलं, मास्क काढला, घामानं निथळलेली, वीस-बावीसची असेल. साहेब घड्याळ घेऊन उभे. तिनं विचारलं, "आजोबा, आत आणखी कोणी आहे का?"

मी म्हणालो, "आमची ही आहे. स्वयंपाकघरात असेल."

बघताय काय असे? एकेचाळीस वर्षं दारात कोणी विचारलं की घरात कोण आहे, मी हेच सांगत आलो. जिभेची सवय. शब्द बाहेर पडले तेव्हा मला कळलं. आणि तोवर ती मास्क लावून पुन्हा जिन्यावर. त्यांचा नियमच तसा, बाहेर काढलेला माणूस आत कोणी आहे म्हणाला की वाद नाही घालायचा, परत आत शिरायचं.

मी थांबवायला हवं होतं. पंधरा मिनिटांच्या आत सगळं उरकायचं, घड्याळ चाललेलं, पाठीवरच्या सिलेंडरमधली हवा मोजकी, त्या पोरीची नोकरी त्यावर. एक वाक्य बोलायचं होतं, "अहो, चुकून बोललो." पण वर खिडकीतून तिचा आवाज आला, "काकू, आत आहात का?"

आणि गप्प.

तुम्ही बोलला असतात? चार वर्षांत तिला कोणी हाक मारली नव्हती. मी मारतो, पण मी मनातल्या मनात मारतो, ते ऐकायला कोण थांबणार? पुन्हा हाक, पुन्हा गप्प. साहेब म्हणाले, "बारा मिनिटं झाली." मी तरी उभाच.

चौदा मिनिटांना ती खाली आली. "सर, शोध पूर्ण. दुसरी व्यक्ती आढळली नाही."

"आजोबा, कुठे आहेत तुमच्या मिसेस?" साहेबांनी विचारलं, आणि मग सांगितलं मी. ती गेली त्याला चार वर्षं झाली म्हणून. सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. "सर, काय हे. नसलेल्या माणसासाठी पोरीला दोनदा पळवलंत?"

त्यावर ती मुलगी, अजून धापा टाकत, म्हणते, "पण आत हाताला तसं लागत नाही हो. पलंगावर दोन उशा, बाथरूममध्ये दोन ब्रश, दाराशी लेडीज चपला. म्हणून मी सगळं दोनदा बघितलं. कपाटसुद्धा."

साहेबांनी मिशी पुसली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "परत आत गेली, वेळेत आली. पास." मला तेवढ्यात रडू का यावं? माझा तर निकालही नव्हता.

जाताना प्रत्येक घराच्या दारावर एक स्टिकर लावतात ते, खरी आग लागली तर आत कितीजणांना शोधायचं ते कळावं म्हणून. माझ्या दाराशी तीच आली, पेन उघडून. "आजोबा, घरात माणसं किती? किती लिहू?"

मी दाराशी बघत बसलो. चपलांकडे. ती पेन धरून थांबली, हाक मारून थांबते तशीच, घाई नाही काही. खालून गाडीचा हॉर्न वाजला, सेक्रेटरी दोनदा वर डोकावून गेले.

"एक," म्हणालो.

लिहिलं तिनं.

अख्खं घर दोनदा शोधायला त्या मुलीला चौदा मिनिटं लागली. मला तेवढं एक उत्तर द्यायला त्याहून जास्त लागली असतील... पण माझं घड्याळ कोणी लावलंच नव्हतं, त्यामुळे नापास करायचीही कोणाची सोय राहिली नाही.