नारळ फुटल्याबिगर

उशीर? कोन म्हनतंय उशीर? तुमी म्हंताय व्हय. बसा सायेब, टेकून बसा, त्या खुर्चीचा येक पाय आखूड हाय पन पडत न्हाई. खंडाळ्यासनं एवढ्या लांब आलासा, तर च्या घेतल्याबिगर मी सोडत न्हाई तुमाला. गाडी? गाडी काय पळून जातीया? भरून हुबी हाय फाटकाला. तुमच्या कंपनीची कडबाकुट्टीची चाकं सगळी चढल्यात, रंग वाळलाय. आता फकस्त नारळ फोडायचा ऱ्हायलाय. त्यो मी फोडनार — च्या झाल्यावर.

तर उशीर. आवं, चाकाला उशीर झाला म्हून आमच्या कुंडलात येक म्हस तरी उपाशी मेली का? बिडाचं लोखंड वितळाय लागतं, साच्यात निवाय लागतं — पन ह्ये आमच्या सूनबाईस्नी कोन सांगनार? संयोगिता. कराडच्या कालेजातली इंजनेर. आमच्या ऋषिराजनं माळ घातली आन् ग्येला फौजेत, बर्फात. हिकडं ही मोकळी, माझ्या डोक्यावर मिरं वाटाय. आल्या आल्या म्हनली, "मामा, आपला माल तयार व्हायला वेळ लागतच नाही. माल नुसता बसून राहतो." बसून? माल काय पावना हाय, बसाय?

मग सुरू झालं पुरान. ऑर्डर आल्यावर बीड मागवायचं न्हाई, आधीच आनून ठेवायचं — म्हंजी लगीन ठरायच्या आधी पाळना बांधायचा. रंगाला चाकं कराडला धाडायची न्हाईत, शेजारच्या अर्जुनाच्या शेडातच रंगवायची — आवं, कराडचा रंगवाला माझा दोस्त, माल टाकाय ग्येलं की त्येच्याकडं दोन घास खाऊन, संगमावर वारं घिऊन माघारी यायचं. आता त्यो फोन करून इचारतोय, नाथा, जिता हाईस का. सगळा माल जमस्तवर थांबायचं न्हाई, पलूसच्या द्राक्षवाल्याच्या गाडीत जागा असली तर थोडा थोडा त्यात घालायचा — द्राक्षात लोखंड, काय म्हनावं असल्या कारभाराला? आन् तुमाला पुढं काय लागनार ह्ये तुमी म्हनं तिला आधीच मोबाइलवर कळवताय. मला कळवलं व्हतं का कवा? — आता मी फोन उचलत न्हवतो, ह्ये खरं. पन येऊन सांगाय काय झालं व्हतं?

माल लवकर जाया लागला, व्हय. अंगात आल्यागत पळवल्यावर जानारच की. हसू नगासा.

आता तिनं नवीनच काढलंय. म्हंती, सगळ्यात जास्त वेळ फाटकात जातो. मी म्हनलं, फाटकात काय हाय? तर खाली बघत म्हनली, "मामा, नारळ."

सांगा आता. माझ्या बापानं पैली गाडी नारळ फोडून काढली, तवापासनं येक गाडी कोरडी ग्येली न्हाई. मी आंघूळ करनार, जोतिबाचं नाव घेनार, चाकाचाकावर टिचकी मारून आवाज ऐकनार, मग नारळ. त्यात कवा दुपार हुती, कवा आमुशा आडवी येती, कवा मीच कुनाच्या लग्नाला ग्येल्याला असतोय. थांबंल की गाडी. ती म्हंती, सकाळी येकच नारळ फोडू, दिवसभराच्या सगळ्या गाड्यांचा. मग गावातली सगळी लग्नंबी येकाच अक्षतांत उरका म्हनावं.

आवं, भट्टी तिची, फोन तिचा, गडीबी तिलाच इचारत्यात. मला कोन इचारतंय? फाटकाला ग्येलो की डायवर तेवढा म्हंतो, "नाथाजीअण्णा, निघू का?" तेवढंच ऱ्हायलंय माझ्या वाट्याला. लय बरं वाटतं ते ऐकाय. — जाऊ द्या, कुनाला सांगू नगासा. च्या घ्या.

सारखं खिडकीतनं काय बघताय? घाई लय तुमाला शहरवाल्यास्नी. चला, ह्यो घेतला नारळ. बघाच कसा येका दनक्यात —

गाडी कुठाय?

सायेब, गाडी कुठाय? — तुमाला ठावं व्हतं. म्हून च्याला नगं म्हनला न्हाईसा. मला वाटलं, मी तुमाला बसवून घेतलंय.

ही करवंटी कुनाची? कुकू वलं हाय अजून. म्हंजी तिनंच फोडला. दोन सारख्या वाट्या झाल्यात... येका दनक्यात फोडलाय.

न्हाई, काय न्हाई. जावा तुमी. ह्यो नारळ घिऊन जावा. घरी चटणी करा.