शाकाहारी सारंगी

देवघरातल्या सारंगीला हात लावायचा नाही. का? विचारायचं नाही. आता तुम्हाला सांगते, मी सारंगीच शिकते हो, सुनील सरांकडे, गंगापूर रोडला, तीही उसनी घेऊन, आणि घरी पणजोबांची अख्खी सारंगी लाल कपड्यात गुंडाळून देवांशेजारी बसलेली. दसऱ्याला तिला हळदकुंकू, पुढ्यात पेढा, आणि मी? मी लांबून नमस्कार करायचा. का? विचारायचं नाही.

शेवटी सरांनीच पुण्याच्या एका संग्रहालयातून जुन्या वाद्यांची पारख करणाऱ्या एक बाई आणल्या. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, लगेच तयार, कारण दीपककाकांना कुणीतरी सांगितलं होतं की असल्या वस्तूंना परदेशात फार भाव येतो. बाईंनी टॉर्च मारून आत बघितलं, लाकडाचा वास घेतला, म्हणाल्या, शंभर वर्षं तरी झालीत हिला, सगळं मूळचं आहे, अशा फार उरल्या नाहीत. फक्त काही बदलू नका, पॉलिश तर अजिबात नको. विकलीत तर हौशी माणूस घेईल, काचेत ठेवील. दान दिलीत तर आमचं संग्रहालय वाजती ठेवतं, तुमच्या या तृप्तीलाच वाजवायला देऊ. माझे तर कान गरम झाले... आणि काका? काका म्हणाले, दान म्हणजे फुकटच ना?

बाई जाता जाता कौतुकानं म्हणाल्या, कातडंसुद्धा जुनंच दिसतंय.

"कशाचं कातडं?" काकूंनी विचारलं.

"बकऱ्याचं."

आणि बिचाऱ्या उत्साहानं सांगतच सुटल्या... तारा बकऱ्याच्या आतड्याच्या, त्यांच्याखालची घोडी हाडाची, तारांवर फिरवायच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस. अहो, आम्ही माळकरी! मूळचे नामपूरचे, शेतात कांदा आणि चातुर्मासात घरात कांदा नाही अशातले! काकूंनी गोमूत्र शिंपडलं ते देवघरापासून बाईंच्या चपलांपर्यंत.

मग मी परीक्षेसाठी देवळाली कॅम्पला मैत्रिणीकडे राहायला गेले. तिथंच चुकलं. परत येते तर काय, सारंगी मोबाइलच्या पाठीसारखी चकाचक! काका अभिमानानं दाखवतायत: कातड्याच्या जागी ढोलकीवाल्याकडून फायबरचं पान बसवलं, तारा नायलॉनच्या, घोडी प्लास्टिकची, सुताराकडून घासून दोन हात पॉलिश. "आता कशी शाकाहारी झाली बघ." आणि जुनं सगळं? गंगेत सोडलं. रामकुंडावर, भटजींना विचारून. म्हणजे भटजींना विचारायचं, मला विचारायचं नाही!

बाईंना फोन केला. आधी त्यांनी काय काय बदललं ते एकेक करून विचारलं. मग हळूच म्हणाल्या, बाळा, आता ते नुसतं लाकूड आहे, आणि तेही घासलेलं. संग्रहालय घेणार नाही. मी फोन ठेवला आणि बाथरूमचा नळ सोडून रडले, कारण आमच्याकडे रडायलासुद्धा कारण सांगावं लागतं.

तरी काका कसले थांबतात! त्यांनी मुंबईचं एक गिऱ्हाईक शोधलंच. काल अण्णांनी मला बोलावलं, आणि जन्मात पहिल्यांदा तो लाल कपडा सारंगीसकट माझ्या मांडीवर ठेवला.

"घे, लाव हात. त्या माणसापुढं जरा वाजव, आणि सगळं मूळचंच आहे म्हणून सांग. तू शिकलेली, तुझं ऐकेल तो."

किती वर्षं वाट बघितली होती मी त्या कपड्याची... उचलला, आणि तसाच परत त्यांच्यापुढं ठेवला.

"नाही सांगणार, अण्णा. खोटं बोलणार नाही आणि हिला वाजवणारही नाही. जिला वाजवायचं होतं तिला तुम्ही गंगेत सोडलंत."

काका माझ्याकडे बघायचे ते पंख्याकडे बघायला लागले. काकूंनी उगाचच वाती वळायला घेतल्या. अण्णा लाल कपडा पुन्हा नीट गुंडाळायला लागले. याला मी जिंकले म्हणायचं का हो? पण विचारू कुणाला... सगळेच गप्प बसलेत.