आत्मारामची बास

—नाही, चंद्रभानकाका, बास देणार नाही मी. आणि जरा हळू बोला ना. आत कुणी नाही—म्हणजे बाबा आहेत, झोपलेत. खोलीला बाहेरून कडी? ती वाऱ्यानं दार आपटतं म्हणून. चहा घ्या. मुंबईहून सरावलीपर्यंत तुम्ही काही मला बघायला आला नाहीत, एवढं कळतं. स्टुडिओवाल्यांनी सांगितलं ना—येताना आत्मारामची बास गिटार घेऊन ये? तीच हवी. जुन्या तारांची. तुम्हीच चिडवायचात बाबांना, ‘आत्माराम, तारांना शेवाळ धरलं, आता तरी बदल!’ त्यांनी कधी बदलल्या नाहीत. वर तारांखाली मुरबे गावच्या मासेमारीच्या जाळ्यातल्या बोयाचा, त्या तरंगत्या गोळ्याचा, तुकडा दाबून बसवलेला—सूर लांबायला नको, ठप्पकन बसायला हवा म्हणून. ‘तार बोलते, बोया तिला गप करतो,’ म्हणायचे. शेकडो गाणी वाजवली त्या तुकड्यावर. कॅसेटवर नाव कुणाचं? गाणाऱ्याचं. बाबांचं कुठं? कुठंच नाही.

बरं, उद्या गाणं कुठलं आहे? नाही सांगितलं ना? बाबांनाही नव्हतं सांगितलं. गेल्या वर्षी असंच बोलावलं, बाबा खूश—इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तर हॉलमध्ये गायक नाही, तबला नाही, कुणी म्हणजे कुणी नाही. काचेपलीकडं एक माणूस, पुढ्यात कीबोर्ड. म्हणाला, एकेक सूर वाजवा. एकच. थांबा. आता पुढचा. सगळे झाले की पुन्हा पहिल्यापासून, जोरात. दिवसभर तेच! शेवटी बाबांनी विचारलं, ‘गाना कवा चालू करायचा?’ तर तो हसला. झालं म्हणाला, जा घरी. बास त्या मशीनमध्ये गेली, काका—आता कीबोर्डची पट्टी दाबली की बाबांचा सूर निघतो. बोयासकट. त्यानंतर एकदा तरी बोलावलं त्यांना? आणि नवी गाणी येतात त्यात वाजतंय कोण? मला नका सांगू दुसरं कुणी असेल म्हणून—लहानपणापासून तो ठप्प ऐकत आले मी. शेजारच्या रेडिओवर गाणं लागलं की बाबा माझा हात धरतात. ‘जया, यो मीच वाजवलाय. कवा वाजवला गं मी?’ काय उत्तर देऊ? तुम्ही द्या!

आधी चिडायचे नुसते. मग उठून आवाजाच्या दिशेनं चालायला लागले. बोईसरला स्टेशनजवळ कॅसेटचं दुकान आहे ना, तिथं शिरून स्पीकर उचकटला—‘मला भायेर काडा,’ म्हणत होते. लोक हसत होते, काका. दुकानदार पाठीत गुद्दे घालत होता आणि लोक हसत होते. म्हणून—हो, म्हणून कडी. वारा नाही नि काही नाही. शाळेत शिकवायला जाते तेव्हा मीच घालते. आता घरी असले तरी घालते. बघताय काय असे?

बाबा बोटांनी वाजवायचे, तुम्ही अंगठ्यानं वाजवता—तो अंगठा हवाय आता स्टुडिओवाल्यांना. आज तुमचा, उद्या आणखी कुणाचा. तुम्ही बासवाले मूठभर आहात, सगळ्यांनी मिळून नाही म्हणा ना! गाणं असेल तर वाजवू, सुटे सूर देणार नाही—एवढंच म्हणायचंय! मान काय हलवता? तुम्ही नाही गेलात तर दुसरा जाईल, हेच ना? प्रत्येक जण हेच म्हणतो, म्हणून तर त्यांचं फावतं! नाही, मी ओरडणार! उद्याचं रेकॉर्डिंग होता कामा नये! उद्या रेकॉर्डिंगला कुणीही—

थांबा.

बाबा आहेत. दारावर वाजवताहेत. नाही हो, कडी काढ म्हणून नाही ठोकत ते. शेजारचा रेडिओही बंद आहे, गाणं नाही हे. ऐका—एक. थांबले. पुन्हा एक. रेकॉर्डिंग म्हणाले ना मी... ऐकलं त्यांनी. उद्याची तयारी करताहेत.

कप ठेवा खाली. उठा. बासकडं बघू नका, ती इथंच राहणार. आणि तोंडातून शब्द काढू नका, तुमचा आवाज ओळखतील, रेकॉर्डिंगला न्यायला आलात असं वाटेल त्यांना—मागच्या दारानं जा. आत्ता हळू चाललंय ना, ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून येईल. जोरात. ती कडी जुनी आहे, काका.

जा म्हणते ना.

संपलं बघा हळू वाजवायचं.