टेबलावरचं हॅम

नाताळच्या आदल्या दिवशी वसईत पोर्कच्या दुकानासमोर रांग लागली होती. माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या.

"बेट्टी, इंद्याल करायला मांस घेतलंस ना? मग अजून उभी कशाला?"

"हॅम घ्यायचंय."

"परत? मागच्या वर्षी कोणी खाल्लं नाही म्हणालीस."

"नाहीच खाल्लं. पण आमच्या व्हिव्हियनचे सासू-सासरे येणार उद्या. एव्हरशाईनच्या मोठ्या सोसायटीतली माणसं, त्यांना हॅम लागतं."

"ते म्हणाले तसं?"

"नाही गं, मीच ठरवलं. आपण गावठी दिसायला नको म्हणून मागच्या वर्षी वर अननसाच्या चकत्यासुद्धा लावल्या होत्या."

"मग?"

"सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला, छान झालंय म्हणाले आणि ताटात तसाच ठेवला. आपलं गावठी, तिखट इंद्याल मी आत लपवलं होतं, पाहुणे गेल्यावर घरच्यांसाठी. जरा वेळाने स्वयंपाकघरात गेले तर विहीणबाई गॅसपाशी उभ्या. एका हातात पातेल्याचं झाकण, दुसऱ्या हातात पाव."

"लाजल्या असतील बिचाऱ्या."

"त्या कशाला लाजतात? उलट मलाच विचारलं, तुम्ही आत कशाला आलात?"

"कशाला गेली होतीस?"

"माझ्याही हातात पावच होता."

"मग यंदा सरळ इंद्यालच ठेव टेबलावर."

"असं कसं? नाताळ आहे. टेबलावर हॅमच पाहिजे. विहीणबाईंना फोन करून सांगितलंय, मागच्या दाराने या."