एकमतानं लोकशाहीविरोधी

आता हात वर गेला त्याला मी काय करू, तुमीच सांगा! शिवाजी पेठंत आमच्या तालमीची मीटिंग म्हंजे काय असतंय, अध्यक्ष सयाजीअण्णा म्हणणार, "करा हात वर," की वर! कशासाठी, कोण इचारतंय? एकोणीस वर्षं अण्णाच अध्यक्ष, एकोणीस वर्षं एकमतानं. खांद्याला सवयच लागलीया ती...

तर सत्त्याहत्तर साल. आणीबाणी नुकतीच उठलेली, पेपरात रोज एकच शब्द, लोकशाहीविरोधी. ह्यो लोकशाहीविरोधी, त्यो लोकशाहीविरोधी. मला आवडला की शब्द! तोंड भरतंय नुसतं. मीटिंगीत उठलो नि म्हटलं, "अण्णा, औंदा अध्यक्ष चिठ्ठ्या टाकून निवडूया. हे हात वर करायचं लोकशाहीविरोधी हाय!"

सगळ्या माना माझ्याकडं! आढ्यावरची कबुतरं सुदीक वाकून बघाय लागली, खोटं सांगत न्हाय.

आमचे सेक्रेटरी नृसिंह मास्तर. घरात चहा मागतानाबी फळ्यावर लिहिल्यागत बोलतात. म्हणाले, "पिराजीराव, आधी अर्थ समजून घ्या. लोकशाही म्हणजे लोक म्हणतील ते. लोक काय म्हणतात? अण्णा. तुम्ही काय म्हणता? चिठ्ठ्या. मग लोकशाहीविरोधी कोण?"

मला काय वाटलं? कायबी न्हाय. गणित बरोबरच हुतं की!

अण्णा म्हणाले, "आपुन कुणावर काय लादायचं न्हाय. मत घेऊया. पिराजी लोकशाहीविरोधी हाय, म्हणून आपल्या टीमच्या फुटबॉल फायनलला तालमीचा झेंडा औंदा कृष्णात पैलवान धरंल. करा हात वर!"

अवो, त्यो झेंडा चौदा वर्षं मी धरतोय! बायकोचा हात धरला नसंल एवढा त्यो बांबू धरलाय! पर "करा" म्हटलं नि गेला की... माझाच! सगळ्यांच्या आधी! मास्तरांनी लिवलं, 'एकमताने मंजूर'. मला काय वाटलं? कायबी न्हाय. खाली कवा आणायचा, तेवढंच बघत हुतो.

फायनलला बसलो गर्दीत. कृष्णात झेंडा नाचवत आला, उलटा! झेंड्यावरचा आमचा वाघ, चारी पाय आभाळात! उठून वरडलो, "अरं, वाघ उताणा पडलाय!" तर शेजारचा म्हणतोय, "पावणं, बसा खाली. एवढी लोकं टाळ्या वाजवत्यात, तुमा एकट्यालाच बरा उलटा दिसतोय?"

बघितलं चौकडं. टाळ्याच टाळ्या.

मग काय करतो? बसलो. मान खाली घातली, पार गुडघ्यात, डोकं उलटं होईस्तोवर... आनि तुमास्नी सांगतो, तिथनं बघितलं तर वाघ सुलटाच हुता.