सासरचं नाव पुसून बघा

गहिनीनाथ : पुन्ना तेच आलं, स्टेलाताई, तुमच्या शाळेच्या कॉम्प्युटरवर. ‘नोंद सापडली नाही.’ सकाळधरनं पाच येळा.

स्टेला : नावाच्या रकान्यात काय लिहिलंत बघू. ‘महोदय, माझी आई झुंबरबाई कानिफनाथ, राहणार खर्डा, आपल्या शाळेत शिकली असल्यास कळावे, ही विनंती.’ काका, हा अर्ज झाला.

गहिनीनाथ : अर्जाबिगर कोन काय देतंय व्हय?

स्टेला : कॉम्प्युटरला अर्ज कळत नाही. तुमचा प्रत्येक शब्द तो एकाच नोंदीत शोधतो. एक नसला तरी नाही म्हणतो. कमी लिहा.

गहिनीनाथ : नुसतं झुंबरबाई? ...न्हाईच. आई म्हनायची, मी नगरला बोर्डिंगात चौथी शिकले. अन् कागदावर आंगठा. चुलते हसायचे. मी बी हसलो एकदा, तिच्या तोंडावर.

स्टेला : झुंबरबाई हे नाव कुणी ठेवलं?

गहिनीनाथ : आज्यानं. लग्नात, ताटातल्या तांदळावर लिवून.

स्टेला : मग शाळेत ती झुंबरबाई नव्हतीच. सासरचं सगळं पुसा. माहेरचं नाव काय?

गहिनीनाथ : ...ठावं न्हाई. कदी इचारलंच न्हाई. आता सांगाया बी कुनी उरलं न्हाई.

स्टेला : असू द्या. नावाचा रकाना रिकामा ठेवा. पक्कं काय ठाऊक आहे?

गहिनीनाथ : तिचा बाप सूर्यभान. जामखेडचा.

स्टेला : वडिलांच्या रकान्यात सूर्यभान, गावाच्या रकान्यात जामखेड. बास.

गहिनीनाथ : नावाबिगर मानूस गावतं?

स्टेला : माहीत असेल तेवढंच सांगायचं. उरलेलं त्याला सांगू द्या.

गहिनीनाथ : लई डोकं हाय तुमाला. मी जल्मभर कचेरीत फायली शोधल्या, पर हे सुचलं नसतं... तीन पोरी आल्या, ताई.

स्टेला : शेवटचा रकाना वाचा. शाळा का सोडली ते.

गहिनीनाथ : पहिली आजारी. दुसरीच्या बापाची बदली. तिसरी... ‘चौथी पास. लग्न होऊन खर्ड्यास गेली.’

स्टेला : शेरा पण आहे, काका.

गहिनीनाथ : ‘वाचन स्पष्ट. लहान मुलींना वाचून दाखवते.’ ...मग आंगठा का द्यायची?

स्टेला : तेव्हा खर्ड्यात कुठली सून सही करत होती?

गहिनीनाथ : एक बी न्हाई.

स्टेला : प्रिंट काढू?

गहिनीनाथ : काढा. अन् हे वर ‘सगुणा’ लिवलंय, तेवढं जरा मोठ्या अक्षरात येईल का?