आजींचा आकडा

डॉक्टर : म्हणूनच फोनवर न सांगता घरी आले, काकू. आजींच्या अंगात कुठेतरी सूज आहे. बाहेरून दिसणारी नाही, आतली. रक्तातला तिचा आकडा कायम दोनच्या आत असायचा. गेल्या खेपेला अठरा आला, तेव्हा मी सर्दी-खोकला धरून सोडून दिलं. या वेळी चौसष्ट.

लेक : मशीन बिघडलं असेल हो. सत्त्याण्णव वर्षांच्या माणसाचं काय एवढं मनावर घ्यायचं!

आई : अगं, मी इथेच बसलेय.

डॉक्टर : दोनदा लावून बघितलं, काकू. आणि साखर! तीन महिन्यांची सरासरी कधी साडेपाचच्या वर गेली नाही, ती साडेनऊ. आमच्या अभ्यासात पंच्याण्णवच्या पुढची इतकी माणसं आहेत, त्यांत आजी सगळ्यांत ठणठणीत. त्यांचं अचानक असं का व्हावं? आजी, जेवण जातं का?

आई : न जायला काय झालं? हिच्या ताटातलं उरलेलंही मीच संपवते.

डॉक्टर : ताप? रात्री घाम?

आई : मला कुठला घाम! ही मात्र पहाटे उठून उशीचा अभ्रा बदलते.

लेक : उकडतं ना, आई.

आई : मला दोन पांघरुणं लागतात आणि हिला उकडतं. बघा आता.

डॉक्टर : वजन उतरलंय का, आजी?

आई : माझे कपडे आहेत तसेच बसतात. हिचं घड्याळ बघा, मनगटावरून पार कोपरापर्यंत सरकतं.

लेक : आई, जरा गप्प बस ना. डॉक्टर, चहा टाकते मी.

डॉक्टर : चहा राहू दे. आजींना आजच दाखल करू. स्कॅन करावं लागेल, रोज रक्त तपासावं लागेल.

आई : रोज? मी नाही जायची. साधं बोट टोचलं तरी माझी झोप उडते, म्हणून तर ही बिचारी...

लेक : आई!

डॉक्टर : म्हणून काय, आजी?

आई : ओरडतेस कशाला? चांगलंच सांगतेय तुझं. मागे माझं बोट काळंनिळं पडलं होतं. तेव्हापासून तुमचा तो थेंब टिपायचा कागद आला की ही आपलंच बोट टोचते आणि देते पोस्टात टाकून.



डॉक्टर : काकू, दोन्ही वेळचे कागद तुमचे?

लेक : लहान मुलासारखी रडायची हो. मला बघवेना. म्हटलं, माझ्यात तरी रक्त कुणाचं आहे? तिचंच ना!

डॉक्टर : मी आकडा सांगितला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं.

लेक : हो.

डॉक्टर : आणि तरी चहा टाकायला निघालात?

लेक : मग काय करू? हिला आंघोळ कोण घालणार? रात्री हाताला धरून कोण नेणार? माझं काही भलतंसलतं निघालं तर हिने कुणाकडे बघायचं? मला भीती वाटते, डॉक्टर. फार भीती वाटते.

डॉक्टर : काय आहे ते मला आत्ता सांगता येणार नाही. पण ते वाढतंय, एवढं नक्की. बॅग भरा. आजींपाशी मी नर्स पाठवते.

लेक : उद्या येते ना. उद्या अगदी नक्की.

आई : आजच जायचं.

लेक : तुला काय कळतंय, आई, उगाच...

आई : सगळं कळतंय. माझ्या आधी निघायची घाई झालीय तुला. मी नाही चालू देणार. डॉक्टर, तुमचा तो कागद आहे ना पिशवीत? काढा.

डॉक्टर : आजी, आत्ता त्याची गरज नाही.

आई : मला आहे. हे घ्या बोट. रडले तरी सोडू नका. ही घरी परत येईपर्यंत मला पुरायचंय. तेवढी उरलेय का मी, ते बघा.